सोलापूरचं भंगार आणि इंजिनकामाची घरगुती अवजारं: काय करावं, काय विकतच घ्यावं

मोटारसायकल, पंपसेट किंवा जुनी पेट्रोल गाडी स्वतः उघडून बसवणाऱ्याला सोलापुरात जी सोय आहे ती फार थोड्या शहरांत सापडेल. इथल्या भंगारात निरनिराळ्या जातींचं लोखंड एकत्र येऊन पडतं. मोडीत निघालेले शटलचे यंत्रमाग, पुणे-हैदराबाद आणि विजापूर महामार्गांवरच्या ट्रकांचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), हाफ शाफ्ट (मागची चाकं फिरवणारे दांडे) आणि जॅक, साखर कारखान्यांना ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे सुटे भाग. त्यात दुचाकी भंगारवाल्यांकडचे शॉकॲब्सॉर्बर, क्लच प्लेटा आणि बेअरिंगं धरली, तर इंजिनकामाची निम्मी अवजारं या मालातून उभी राहतात.

हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. अक्कलकोट रोड आणि होटगी रोडच्या औद्योगिक पट्ट्यातला माल वेगळा, गावातल्या गाडी-भंगारवाल्यांचा वेगळा, आणि आज दिसलेली वस्तू उद्या तिथे असेलच असं नाही. म्हणून इथे बाजार म्हणून काय मिळतं आणि त्यातून झालेलं अवजार कामाला किती उतरतं, एवढंच तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो. ठोकायची, ओढायची आणि धरून ठेवायची अवजारं इथल्या मालातून स्वस्तातल्या तयार अवजारांपेक्षा सरस होतात. प्रेस आणि वॉल्व स्प्रिंग दाबायचं अवजार हिशेब करूनच करावं. मोजायची अवजारं, एक अपवाद सोडला तर, विकतच घ्यावीत.

दुकानदारांबद्दल थोडं. ढिगात हात घालून निवडू देणारे बरेच आहेत, आणि ही या बाजाराची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पण वापरायचा माल मोडीच्या भावाने मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. निवडून काढलेल्या वस्तूचा किलोचा भाव चढा असतो आणि तो रास्तच आहे. खटकतं ते दुसरंच. वजनकाट्यावर पाटा चढतो तो मधला बोल्ट, क्लॅम्प आणि वाळलेल्या चिखलासकट. आधी उतरवून मागा, बहुतेक जण देतात. लांब तुकडा गॅसने कापून देण्याची सोयही असते, मात्र पाट्यासारख्या पोलादाची गॅसने कापलेली कड काचेसारखी कडक होते. ती ३-४ मिमी ग्राइंडरने घालवल्याशिवाय त्यावर ड्रिल चालत नाही आणि वेल्डिंग धरत नाही. इंजिन किंवा चेसिस नंबर असलेला कुठलाही भाग पावतीशिवाय उचलू नये.

जाताना खिशात एक जुनी बारीक कानस ठेवा. तिच्याइतका खरा सल्लागार तिथे दुसरा नाही. कानस चावली तर लोखंड मऊ, घसरली तर वरचा थर पाणी दिलेला, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेला. दुकानात ग्राइंडर असेल तर ठिणगी बघून घ्या. साध्या लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, तिला फाटे थोडे. पाट्याची, बेअरिंगची ठिणगी चाकाजवळच फुलते आणि तिला भरपूर फाटे फुटतात. बीडाची (ओतीव लोखंडाची) ठिणगी आखूड आणि लालसर. यंत्रमागाच्या ढिगात हे विशेष बघावं, कारण मागाची दात्याची चाकं आणि बाजूचे सांगाडे बीडाचे, तर शाफ्ट बहुधा साध्या लोखंडाचे. रंग उडालेला आणि तेलकट काजळी बसलेली असली की दोन्ही सारखेच दिसतात.

आता अवजारांकडे.

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो जुन्या बेअरिंगच्या कड्यांचा. बेअरिंग केसमध्ये (इंजिनाच्या ओतीव कवचात) बसवायला हल्ली ठोकण्या-चकत्यांचा संच मिळतो, पण प्रत्येक बदललेलं बेअरिंग आपल्या मापाची चकती सोबत घेऊनच निघतं. ६२०३ नंबरच्या बेअरिंगचं बाहेरचं कडं ४० मिमी, ६२०४ आणि ६३०३ चं ४७, ६२०५ आणि ६३०४ चं ५२, ६३०१ चं ३७, ६३०२ चं ४२. एवढी पाच मापं जमली की गावातल्या बहुतेक दुचाक्यांचं काम भागतं. एकच काम करावं लागतं, कड्याचा बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी करायचा. तसं नाही केलं तर ठोकताना नव्या बेअरिंगपाठोपाठ जुनं कडंही केसमध्ये जाऊन बसतं आणि मग ते काढायला धरायला जागा उरत नाही. कानस त्याला लागत नाही, बेंच ग्राइंडरच लागतो. सळईवर कडं अडकवून हलकं फिरत ठेवलं की सगळीकडून सारखं घासलं जातं. कट-ऑफ डिस्कने त्याला एक चीर पाडून ठेवली तर अडकलंच तरी ते आवळून सुटतं.

या कड्यावर हातोडा थेट मारायचा नाही. बेअरिंगचं पोलाद ६० रॉकवेलच्या (कडकपणाच्या मापाच्या) आसपास कडक असतं, त्याची कपची उडते आणि ती डोळ्याच्या उंचीवर उडते. वर साध्या लोखंडाची १० मिमी जाड चकती ठेवावी आणि ठोका तिच्यावर द्यावा. आणि नेहमीचा नियम: बेअरिंग केसमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर. आतल्या कड्यासाठी योग्य मापाच्या जाड नळीचा तुकडा, लेथवर तोंड काटकोनात करून घेतलेला, पुरतो. नळी गॅल्व्हनाइज्ड असली तर तिला वेल्डिंग करू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

ठोकण्याआधी केस तापवली तर निम्मं काम तिथेच होतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४७ मिमीच्या घरात ८० अंशांनी तापमान वाढलं की दोघांत सुमारे ०.०४ मिमीचा फरक पडतो, आणि दुचाकीच्या केसमधलं बेअरिंग सैल व्हायला तेवढा बहुधा पुरतो. शेगडीवर जाड तवा ठेवून त्यावर केस सावकाश तापवावी. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे. गॅस कटरची ज्योत एका जागी धरली तर केस वाकते आणि जोडाची पातळी जाते.

मागच्या बाजूने ठोकायला जागा नसलेल्या, बंद घरातल्या बेअरिंगसाठी स्लाइड हॅमर लागतो, म्हणजे रॉडवर सरकणारं वजन थांब्यावर आपटून अडकलेली वस्तू ओढून काढणारं अवजार. इथे चारचाकीच्या जुन्या शॉकॲब्सॉर्बरचा रॉड घ्यावा, सरळ, गुळगुळीत, १२ मिमीच्या आसपासचा. वजनासाठी ५० मिमी व्यासाच्या साध्या शाफ्टचा १४० मिमी लांब तुकडा, मधून १४ मिमी भोक. हे वजन २ किलो भरतं. मोडीत निघालेल्या मागाचे शाफ्ट यासाठी उत्तम, पण १४० मिमी आरपार भोक हातड्रिलने सरळ जात नाही, लेथवाल्याकडूनच मारून घ्यावं. वाकडं भोक असलं की वजन रॉडवर अडकतं आणि ठोका अर्धा पडतो. दोन्ही टोकांना थांबा द्यायचा, हाताकडच्या थांब्यापाशी रबराची जाड चकती घालायची. हात धरायच्या जागी वजन आणि थांबा यांच्यात बोट सापडू नये म्हणून मूठ थांब्याच्या मागे हवी.

शॉकॲब्सॉर्बर उघडताना घाई नको. गॅस भरलेल्या नळीत नायट्रोजनचा दाब असतो. ग्राइंडर लावायच्या आधी, रॉड पूर्ण बाहेर असताना, नळीच्या तळाकडे ३ मिमीचं भोक चष्मा लावून, वर फडकं धरून, सावकाश पाडायचं आणि फुसफुस थांबेपर्यंत लांब राहायचं. रॉडला वेल्डिंग करायचं तर टोकाचा क्रोम थर २५ मिमी लांबीपर्यंत घासून काढायचा. क्रोमचा जळालेला धूर फुप्फुसाला घातक आहे. शिवाय क्रोमवर वेल्ड धरतही नाही, पाचपन्नास ठोक्यांत निखळतो.

अशा बंद घरातल्या बेअरिंगला आतून पकडायला भिंतीत मारायचा अँकर फास्टनर चालतो. बेअरिंगच्या भोकापेक्षा किंचित बारीक अँकर आत सरकवून नट आवळला की तो आतून फुगून पकड घेतो, मग त्याच्या आट्यांना स्लाइड हॅमर जोडायचा. हे बेअरिंग परत वापरायचं नाही. जोर गोळ्यांवरून जातो आणि धावेवर खळगे पडतात.

यानंतर पुलर, म्हणजे आकड्याच्या पायांनी पकडून मधल्या स्क्रूने वस्तू शाफ्टवरून ओढून काढणारं अवजार. इथे पाट्याचा प्रश्न येतो. ट्रकचा पाटा म्हणजे अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त कार्बन असलेलं स्प्रिंगचं पोलाद. पाय करायला त्याच्यासारखा माल नाही, पण जसाच्या तसा वापरता येत नाही. ड्रिल जळतं, आणि साध्या ६०१३ वेल्डिंग रॉडने जोडलं तर वेल्डच्या कडेने दुसऱ्या दिवशी केसाएवढी चीर दिसते. हा दोष वेल्डरचा नसतो. गरम पट्ट्याशेजारचं थंड पोलाद उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की जोडाची कड आपोआप पाणी दिल्यासारखी ठिसूळ होते. उपाय दोन. एक, जोडूच नये, भोक पाडून बोल्टने जोडावं. दोन, जोडणं भागच असेल तर २५०-३०० अंश तापवून, सुकवलेल्या ७०१८ रॉडने जोडून, राखेत पुरून सावकाश थंड करावं. पुलरला पहिलाच उपाय पुरतो.

मोठ्या ट्रकचे पाटे उगाच जाड असतात. हलक्या मालवाहू गाडीचा ७-८ मिमीचा पाटा निवडावा. मधल्या भोकाजवळचा तुकडा टाळावा, तडे तिथूनच सुरू होतात. पट्ट्या २५ मिमी रुंद कापून लोहाराच्या भट्टीत लाल कराव्यात. चुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडा वेळ तापवून, कोरड्या राखेच्या किंवा चुन्याच्या पेटीत रात्रभर पुरून ठेवाव्यात. सकाळी त्या साध्या ड्रिलने कापल्या जातात. टोकाचा आकडा गरम असतानाच वळवावा, थंडपणी वळवल्यास कोपऱ्यात तडा जातो. आकड्याचा आतला कोपरा धारदार ठेवू नये, गोल कानसीने गोलाई द्यावी.

पुन्हा पाणी द्यावं का? आमचं मत, देऊ नये. नरम केलेला पाटाही साध्या लोखंडापेक्षा बळकट असतो, आणि जास्त जोर आला तर वाकून आधी सूचना देतो. नीट टेंपर न केलेला (पाणी दिल्यावर पुन्हा हलका न तापवलेला) कडक पाय सूचना न देता तुटतो आणि तुकडा तोंडासमोरच असतो.

मधला स्क्रू मात्र भंगारातला नको. एम१६ चा (१६ मिमी जाडीचा) साधा ४.६ दर्जाचा बोल्ट सुमारे साडेतीन टनांवर ताणला जाऊ लागतो, तोच ८.८ दर्जाचा असला तर ९ टनांच्या पुढे. दर्जा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. पूर्ण आट्यांचा नवा ८.८ आणावा, सोबत लांब नट. टोकाला ड्रिलने खोलगा करून त्यात जुन्या बेअरिंगचा ८-१० मिमीचा छर्रा ग्रीसमध्ये बसवावा. स्क्रू फिरतो, छर्रा शाफ्टच्या मध्यावर स्थिर राहतो आणि शाफ्टच्या टोकाचे आटे वाचतात. छर्रा नसला की निम्मी ताकद घासण्यातच जाते.

प्रेस, म्हणजे घट्ट बसलेल्या वस्तू दाबून काढायचा-बसवायचा सांगाडा, हे या यादीतलं सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात धोक्याचंही. बॉटल जॅक (गाडी उचलायचा बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक) उलटा चालत नाही, आत पंपाला तेलाऐवजी हवा मिळते. म्हणून रचना अशी: जॅक सरकत्या आडव्या तुळईवर सरळ उभा, त्याचा दांडा वरच्या पक्क्या तुळईला भिडलेला. जॅक वर रेटला की सरकती तुळई खाली येऊन वस्तू दाबते, आणि सोडल्यावर दुचाकीच्या स्टँडच्या दोन-चार स्प्रिंगा तिला परत वर ओढतात.

तुळयांचा चॅनेल (सी आकाराचं लोखंड) किती जाड हवा हे डोळ्याने ठरवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. उभ्या खांबांमध्ये ५०० मिमी अंतर आणि मध्यावर १० टन जोर धरला तर १०० मिमीच्या दोन चॅनेलांवर १६० मेगापास्कलच्या वर ताण येतो. साधं लोखंड २५० ला कायमचं वाकतं. गंजून पातळ झालेल्या, आधीची भोकं असलेल्या जुन्या चॅनेलला एवढी मोकळीक पुरत नाही. १२५ मिमीची जोडी घेतली की ताण ९२ च्या आसपास उतरतो. म्हणून १० टनांसाठी १२५ ची जोडी, १०० ची जोडी ५ टनांपर्यंतच. अंतर वाढवलं की ताण त्याच प्रमाणात वाढतो, तेव्हा ‘पुढेमागे मोठं काम आलं तर’ म्हणून ७०० मिमी रुंद सांगाडा करू नये.

जॅक सांगाड्यापेक्षा दुबळा असावा. ढिगात २० टनी जॅक स्वस्तात मिळाला म्हणून तो १० टनी सांगाड्यात घालणं ही या अवजारातली सर्वांत घातक चूक. अडकलेली पिन न निघाली की माणूस दांडा मारतच राहतो, आणि आधी काय तुटावं हे मग नशिबावर राहतं.

जोर वेल्डवर येऊ देऊ नये. तुळया २० मिमी पिनांवर टेकाव्यात आणि वेल्डने सांगाडा फक्त काटकोनात धरावा. पिनांसाठी हाफ शाफ्टचे तुकडे चांगले. बोल्ट वापरायचा झाल्यास आटे नसलेला भाग भोकात आला पाहिजे. दाबायच्या वस्तूखाली साध्या लोखंडाच्या २५ मिमी जाड पट्ट्या ठेवाव्यात. मागाचं बीडाचं चाक दिसायला भक्कम, मधे भोक आयतं, म्हणून ते खाली ठेवायचा मोह होतो. बीड दाब सोसतं, पण मध्यावर वाकवणारा जोर आला की ते फुटतं, आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. ते कधीही वापरू नका.

जुना जॅक घेताना दुकानातच वजनाखाली दहा मिनिटं उभा ठेवून पाहावा. दांड्यावर उभे ओरखडे असतील तर सील बदलूनही गळती थांबत नाही. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक तेलच घालावं. ब्रेक ऑइल घातलं की रबरी सील फुगतात आणि जॅक कायमचा जातो.

क्लच धरायचं अवजार म्हणजे अर्ध्या तासाचं काम आणि पूर्ण गुण. मधला नट सोडताना हब आणि बाहेरचं घर एकमेकांत फिरतात. त्याच गाडीच्या जुन्या क्लचची एक फायबर प्लेट आणि एक स्टील प्लेट घ्यावी. फायबरचे दाते बाहेरच्या घरात बसतात, स्टीलचे आतल्या हबवर. दोन्ही एकमेकींवर ठेवून सहा ठिकाणी ५ मिमी बोल्टने जोडल्या की घर आणि हब एक होतात. नुसता हब धरायचा असेल तर दोन-तीन स्टील प्लेटा रिव्हेटने एकत्र करून त्यांना २५ × ६ मिमी पट्टीचा हात लावावा. एकच प्लेट वेल्ड करू नये. ती दीड मिलिमीटरच्या आसपासची असते, तापून वाकते आणि हबच्या खाचांचे कान खाते.

मऊ हातोड्यासाठी सोलापूरकरांनी दुकानात पैसे घालवू नयेत. मागाचा पिकर, म्हणजे धोट्याला (शटलला) ठोकून पलीकडे धाडणारा तुकडा, जुन्या प्रकारचा म्हशीच्या कातड्याचा असो की नव्या प्लास्टिकचा, धोट्याचे लाखो ठोके खाण्यासाठीच केलेला असतो. नळीच्या तुकड्यात घट्ट बसवून दांडा लावला की केसचे जोड सोडवायला, शाफ्ट सरकवायला पितळी हातोड्याइतकाच उपयोगी, आणि खूण उमटवत नाही. पिकर हलवणाऱ्या दांड्याचं, पिकिंग स्टिकचं, लाकूडही दाट आणि चिवट, त्याच्या ठोकण्या छान होतात.

पिस्टन रिंगा दाबायला १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा, ५० मिमी रुंद कापून, कडा कानसीने मोडून, बाहेरून होज क्लिप लावावी. दुचाकीपुरतं ठीक.

मोजायच्या अवजारांतला अपवाद म्हणजे कॉम्प्रेशन गेज, सिलिंडरात पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब दाखवणारं. तेही नीट केलं तरच. जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती काढून त्यात नळी, नळीला गेज, एवढंच जोडलेलं बऱ्याच गॅरेजांत दिसतं, आणि ते लहान इंजिनावर साफ चुकीचं सांगतं. हिशेब बघा. १०० सीसी, ९:१ कॉम्प्रेशनचं इंजिन असेल तर पिस्टन वर आल्यावर वरची जागा उरते १२.५ सीसी. ६ मिमी पोकळीच्या ४० सेंमी नळीत ११ सीसीहून जास्त जागा आहे. म्हणजे मोजायला गेलं की इंजिनाचं प्रमाण ९ वरून ५.२ वर येतं. चांगल्या इंजिनालाही मग रिंगा गेल्याचं निदान होतं आणि ब्लॉक विनाकारण उतरतो.

यावर उपाय एकच: हवा परत येऊ न देणारा वॉल्व नळीच्या गेजकडच्या टोकाला नको, थेट प्लगच्या पोटात हवा. ट्यूबच्या वॉल्वची पितळी दांडी कापून प्लगच्या कवचात ब्रेझ करावी. १४ मिमीच्या प्लगात ती आत मावते, १० मिमीच्या प्लगात आट्यांच्या भागात मावत नाही, वरच्या षटकोनी भागात बसवावी. दिशा महत्त्वाची: वॉल्वची पिन सिलिंडरकडे, आणि ती प्लगच्या तोंडाबाहेर येता कामा नये. टायरच्या वॉल्वची स्प्रिंग कडक असते, तिला उघडण्यात जाणारा दाब गेजवर दिसत नाही. कॉम्प्रेशन गेजसाठी मऊ स्प्रिंगचा गाभा वेगळा मिळतो, तो घालावा. दाब सोडायला गेजपाशी एक छोटी चावी लागते.

आटे बघून घ्यावेत. आजच्या बहुतेक १००-१५० सीसी दुचाक्यांना १० मिमी × १.०, जुन्या टू-स्ट्रोक, स्कूटर आणि मारुती ८०० ला १४ मिमी × १.२५. आट्यांची लांबीही तीच हवी. १२.७ मिमीच्या जागी १९ चा घातला तर पिस्टनला किंवा वॉल्वला लागतो. गेज ० ते २० बारचं पुरतं, पण जुन्या कॉम्प्रेसरवरून काढलेल्या गेजवर आंधळा विश्वास नको. काटा शून्यावर येतो तो पुष्कळदा आतल्या खुंटीला टेकून. टी जोडून नव्या गेजशेजारी तीन-चार दाबांवर तपासावं.

वापरताना इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगची वायर अर्थला लावलेली, आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किका. नंतर तेल घालून दुसरी चाचणी घेतात तिथे एक गोष्ट सुटते. मोटारीच्या सवयीने ३ मिली तेल या लहान इंजिनात घातलं तर १२.५ सीसीची जागा ९.५ होते आणि रिंगा कशाही असल्या तरी आकडा वाढतो. दुचाकीला सिरिंजने १ मिलीच्या आत तेल. आणि हे गेज डिझेलला लावू नये, तिथला दाब दुपटीहून जास्त असतो.

वॉल्व स्प्रिंग दाबायचं अवजार जी-क्लॅम्पमधून होतं, पण क्लॅम्प घडीव हवा. बीडाचा चालणार नाही, तो स्प्रिंग दाबलेली असतानाच फुटतो. स्क्रूच्या टोकाला स्प्रिंगच्या वाटीच्या मापाची नळी, तिला समोरासमोर दोन खिडक्या, वॉल्व लॉक चुंबकाने काढता येतील एवढ्या. दुसरं टोक वॉल्वच्या तोंडावरून घसरतं, तिथे पितळी चकती बसवावी. हेड उतरवलेलं असेल तरच हे वापरावं, चष्मा लावून.

आता न करण्याजोगी. मॅग्नेट (इंजिनावरचं वीज तयार करणारं चुंबकांचं चाक) काढायचा पुलर विकतच घ्या. प्रत्येक गाडीचे आटे ठरलेले असतात आणि किंमत फार नसते. पायांचा पुलर मॅग्नेटच्या कडेला लावून ओढलं की आतली चुंबकं सुटतात. फीलर गेज, टॉर्क पाना, डायल गेज भंगारातून होत नाहीत. मागाच्या फणीच्या पात्या पातळ आणि सरळ दिसतात, पण त्यांची जाडी टॅपेटची (वॉल्वची) फट लावण्याइतकी खात्रीची नसते.

बॉटल जॅकपासून डिझेल नोझल तपासायचा पंप करू नये. नोझल २०० बारच्या आसपास उघडतं, आणि त्या फवाऱ्याखाली बोट गेलं तर तेल कातडीतून आत घुसतं. बाहेर टाचणीएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर न थांबता मोठ्या रुग्णालयात जावं आणि ‘जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगावं. नोझल पंप-नोझलवाल्याकडेच द्यावं.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा सगळ्यांनाच हवा असतो. ६० किलो जातीच्या रुळाचा एक फूट म्हणजे १८ किलो, आणि त्याच्यावर ठोकायला खरोखर छान वाटतं. पण सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं ठाणं आहे आणि रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ अन्वये अशा मालाचा हिशेब देता आला नाही तर जवळ बाळगणाराही अडकतो. लिलावाच्या कागदाशिवाय कोणी देऊ केला तरी घेऊ नये. मागाच्या जाड शाफ्टचा तुकडा उभा गाडून किंवा हाफ शाफ्टचं फ्लँजचं टोक वर करून ऐरण होते. फ्लँजची लहान असते, पण इंजिनकामाला पुरते.

पार्ट धुण्यासाठी २०० लिटरचा पिंप आडवा चिरून टाकी करायची तर तो छिन्नी-हातोड्याने चिरावा. आत कोरडा दिसला तरी सांध्यात इंधनाची वाफ राहते, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवून, पाण्याने भरून, फक्त कापायच्या रेषेपर्यंत रिकामा ठेवला तर अधिक बरं. टाकीत पेट्रोल कधीच नाही, डिझेल वापरावं. तळापासून ५ सेंमी वर जाळी ठेवली की गाळ खाली बसतो आणि तेच डिझेल पुन्हा वापरता येतं. झाकणाला बिजागरी लावून ते एका साखळीवर, मधे शिशाची कडी घालून टांगावं. आग लागलीच तर कडी वितळते आणि झाकण आपोआप पडतं.